पॅडलवरचा पाय

२ नोव्हेंबर

आलो एकदाचे! हमाल गेले, खोकी भिंतीला लागली, आणि आमच्या बाईसाहेब त्यातल्याच एका खोक्यावर बसून माझ्याकडे अशा बघताहेत की हे घर जणू त्यांनीच शोधलं. खरं म्हणजे त्यांनीच शोधलं. मी फक्त गॅरेज बघून हो म्हणालो.

घर उताराच्या गल्लीत, अगदी टोकाला. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि त्याला लागून गॅरेज. वर दोन खोल्या. गॅरेजच्या डोक्यावरची, लाकडी जमिनीची खोली मी माझी म्हणून जाहीर करून टाकली. दवाखाना चालत जाण्याएवढा जवळ. या भागातले सगळे दात आता माझे, असं मी म्हणालो, तर बायको म्हणाली, आधी स्वतःची दाढ दाखव कुणाला तरी.

आणि गाडी! ती घराबरोबर फुकट आली. घर विकणाऱ्या ताई चांगल्याच वयस्कर आहेत. घर त्यांच्या धाकट्या भावाचं, तो वारला. गाडीचं काय करायचं, असं विचारलं तेव्हा त्यांनी फाटकाबाहेरूनच किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, ठेवा नाहीतर भंगारात घाला, मला नको. दोन दारांची, लांब नाकाची, सहा सिलिंडरची गाडी, एकेकाळी रस्त्यावर कुणाला पुढे जाऊ न देणारी, आणि म्हणे भंगारात घाला! ताडपत्री ओढली, धुळीखालचा गडद हिरवा रंग दिसला आणि मी चक्क ओरडलो. चाळिशी उलटलेल्या माणसाला शोभत नाही, पण ओरडलो.

९ नोव्हेंबर

दवाखान्यातून आलो की कपडे बदलून थेट गाडीखाली. गंज आणि दाताची कीड यांची चाल सारखीच असते. वर डाग वाटाण्याएवढा, आत पोकळी मुठीएवढी. दोन्ही दारांखालचा पत्रा खलास आहे, तो कापून नवा जोडावा लागेल. पण इंजिन जिवंत आहे! प्लगच्या भोकांतून तेल सोडून दोन दिवस मुरू दिलं, आज पान्यानं फिरवलं तर कुरकुर न करता फिरलं. माझे पेशंटही इतके शहाणे नसतात.

ब्रेक मात्र मेलेले. पॅडल दाबलं की थेट जमिनीला टेकतं. शटरची स्प्रिंगही गेलेली आहे, बांबूचा टेकू दिला नाही तर ते आपोआप खाली येतं. बायको म्हणते, गाडीवर एवढा जीव लावतोस, माझा चष्मा दुरुस्तीला टाकायला तुला महिना लागला. मुद्दा बरोबर आहे.

१७ नोव्हेंबर

ब्रेकमधली हवा काढणं हे दोघांचं काम. एकानं आत बसून पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी आडवं पडून निपल, म्हणजे तेल सोडायची छोटी तोटी, सैल करायचं, म्हणजे तेलाबरोबर बुडबुडे नळीतून बाटलीत येतात. निपल पुन्हा घट्ट होईपर्यंत आतल्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. म्हणून हुकूम तीनच: दाब, धर, सोड.

बायको घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते. ती गठ्ठा घेऊनच सीटवर बसली. एका हातात लाल पेन, पाय पॅडलवर. मागची दोन्ही चाकं भांडत भांडत झाली. मी दाब म्हणायचो, ती म्हणायची, थांब, वाक्य संपू दे.

पुढच्या चाकांना मात्र कमाल झाली. मी दाब म्हणायच्या आत पॅडल खाली. धर म्हटलं की पाय जराही थरथरत नाही. शेवटच्या चाकाशी पडल्यापडल्या मी म्हणालोसुद्धा, शाब्बास, आता बसला तुझा पाय! उत्तर आलं नाही. आणि मग स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं विचारलं, की कुणाशी बोलतोयस? मघाशीच तर सांगून गेले ना, कुरिअरवाला आलाय म्हणून.

मी निपल घट्ट केलं. तोंडातून सवयीनं गेलं, सोड. आणि वर, रिकाम्या गाडीत, पॅडलची स्प्रिंग करकरली.

१८ नोव्हेंबर

जुनी स्प्रिंग, नळीत अडकलेला दाब, दुसरं काय. मी विज्ञान शिकलेला माणूस आहे. बायको म्हणाली, तू स्वतःच्याच तंद्रीत असतोस, मी उठून गेले हे तुला कळलंसुद्धा नाही.

पण सर्वांत चांगला ब्रेक त्या शेवटच्या चाकाचाच झाला आहे. बाटलीत एक बुडबुडा नाही.

२४ नोव्हेंबर

बायको दिवसभर तिच्या बहिणीकडे. क्लचची हवा काढायची होती. मी गाडीखाली आडवा पडलो आणि लाज सोडून म्हणालो, दाब.

दाबलं गेलं.

अंगावर सरसरून काटा आला. तरी काम केलं, हेही लिहून ठेवतो. धर म्हटलं, धरलं. सोड म्हटलं, सोडलं. दवाखान्यातली माझी मदतनीस इतकी तत्पर असती तर! भीती वाटत होती आणि त्याच वेळी काम फुकटात होतंय याचा आनंदही होत होता. माणूस किती लबाड असतो.

शेवटी राहवलं नाही. धर म्हणालो आणि उठून खिडकीतून आत पाहिलं. सीटवर कुणी नव्हतं. चामडं मात्र दबलेलं होतं, कुणी बसल्यावर दबतं तसं. पॅडल जमिनीला टेकलेलं.

मी पळालो. जेवलो, भांडी घासली, उगाच पेपर वाचला. मग आठवलं की सोड म्हणायचं राहिलं. परत जाऊन पाहिलं तर पॅडल अजून खालीच. शटरपाशी उभा राहून म्हणालो तेव्हा ते हळूहळू वर आलं. दमलेल्या माणसानं पाय उचलावा तसं.

२९ नोव्हेंबर

ताईंना फोन केला. डिकीची किल्ली मिळत नाही, असं काहीतरी निमित्त काढलं. किल्लीचं सोडून त्यांनीच विचारलं, गाडीत काही जाणवलं का?

मग त्यांनी सगळं सांगितलं. कोरड्या आवाजात, जसं काही रेशनच्या रांगेतली गोष्ट. भाऊ गाडीचा वेडा होता आणि त्याची बायको त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. थंडीचे दिवस म्हणून शटर खाली ओढलेलं. तो कार्बोरेटर जुळवत होता, इंजिन एका गतीवर हवं होतं. तिला म्हणाला, रेस धरून ठेव, मी सोड म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. मग घरात फोन वाजला, तो घ्यायला गेला, आणि गप्पांत विसरला. विसरला हो, दुसरं काही नाही, असं ताई दोनदा म्हणाल्या. परत आला तेव्हा गॅरेज धुरानं भरलं होतं. ती तशीच बसलेली, पाय पॅडलवर.

त्यानंतर तो दोन वर्षं जगला. शेवटी शेवटी गॅरेजमध्ये उभा राहून तिला हाका मारायचा, येऊन बस म्हणून. गेलासुद्धा तिथेच.

१ डिसेंबर

बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. बराच वेळ चष्मा पुसत बसली आणि म्हणाली, की मग तिला सोड म्हण ना रे. किती वर्षं बसली असेल बिचारी.

हे मला सुचलं नव्हतं. मला फक्त माझे ब्रेक दिसत होते. लाज वाटली.

दोघं गेलो. शटर पूर्ण वर, बांबूचा टेकू. बायको माझी बाही धरून उभी होती. मी दाब म्हणालो. पॅडल खाली गेलं, ते तिनंही पाहिलं, तिची बोटं माझ्या दंडात रुतली. मग मी म्हणालो, वहिनी, काम झालं. आता सोडा. उठा.

पॅडल वर आलं. सीटचं चामडं सावकाश फुगलं. दाराचा खटका वाजला आणि दार हातभर उघडलं, मग थोड्या वेळानं मिटलं. बायको हुंदके देऊन रडली. माझेही डोळे भरले होते. आयुष्यात एवढं चांगलं काम मी कुठल्याच पेशंटसाठी केलं नसेल.

५ डिसेंबर

इंजिन सुरू झालं! नवी बॅटरी, साफ केलेले कार्बोरेटर, दुसऱ्या झटक्यात. असा गुरगुराट की स्वयंपाकघरातली भांडी किणकिणली. शटर अर्थातच सताड उघडं. पॅडलला हुकूम देऊन पाहिला, काही नाही. मोकळं आहे.

संध्याकाळी दवाखान्यातून आलो तर बायको फुरंगटलेली. दुपारी खालून दाब दाब म्हणून हाका मारल्यास आणि मी आले तर तू गायब, असं म्हणाली.

दुपारी मी दवाखान्यात होतो. एका आजोबांची अक्कलदाढ काढत होतो.

७ डिसेंबर

आज परत. आज ती जाऊन बसली. मी लवकर आलोय असं तिला वाटलं. मी धर म्हणालो म्हणे. पाय भरून आला, मुंग्या आल्या, तरी सोड म्हटलंच नाही. शेवटी चिडून उठली. शटर कधी खाली आलं ते तिला कळलं नाही.

गाडीखालून माझे पाय दिसत होते, असं ती म्हणाली. तपकिरी पँट.

माझ्याकडे तपकिरी पँट नाही.

तो कधी कुठे गेलाच नव्हता. आपण त्याची बायको उठवली. आता त्याला सीटवर कुणीतरी हवं आहे.

८ डिसेंबर

गाडी द्यायची. ठरलं. भंगारवाला गुरुवारी ओढून नेतो म्हणाला. बॅटरी काढून वर आणली. मग चाकं बसवायला खाली गेलो, चाकांशिवाय ती हलणार कशी?

शेवटच्या चाकाशी होतो. गाडी जॅकवर. आतून कुणीतरी म्हणालं, सोड.

माझ्याच आवाजात.

जॅक खचला.

१० डिसेंबर

घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर. गाडीखालून मला बायकोनं ओढून काढलं, एकटीनं. एवढं बळ कुठून आणलं तिनं?

पलंग हट्टानं गॅरेजवरच्या या खोलीत टाकायला लावला. इथून खालचं सगळं ऐकू येतं. बॅटरी टेबलावर, किल्ल्या उशीखाली. तिला म्हणालो, आपण आजच कुठेतरी जाऊ. ती म्हणाली, या पायानं? एक दिवसाचा प्रश्न आहे. गॅरेजमध्ये पाऊल टाकणार नाही असं वचन दिलं तिनं. म्हणाली, खालून तुझा आवाज आला तर मला कळेलच ना, तू इथे लोळतोयस म्हणून. पण जागचा हललास तर बघ!

उद्या ती गाडी जाईल.

११ डिसेंबर

भंगारवाल्याचा फोन आला, बायकोनं खाली घेतला. त्याचा ट्रक बंद पडला, उद्या सकाळी येतो म्हणाला. उद्या.

बायको औषधं आणायला गेली आहे. घर शांत. खाली काही नाही.

दारापर्यंत जाऊन जिन्यात डोकावलो. कुबडी हातातून सुटली. गडगडत खाली गेली, थेट गॅरेजच्या दाराशी. मी पडलो. सरपटत पलंगापाशी आलो. घोट्यात आग —

फाटक वाजलं. आली.

ती ओरडते आहे. अरे, कुबडी इथे कशी? प्लॅस्टर घेऊन खाली कशाला गेलास?

मी वर आहे. वर आहे, ओरडतोय. खालून तो माझ्या आवाजात माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो. कण्हतो. गाडी अंगावर आली, म्हणतो. ब्रेक धर —

थांब, आले, हलू नकोस, म्हणते.

गॅरेजचं दार. गाडीचं दार.

बॅटरी माझ्यासमोर आहे. टेबलावर. खाली इंजिन सुरू झालं.

शटर पडलं.

फोन खालीच राहिला. जमीन हादरते आहे. फटींतून धूर. जिन्यापर्यंत पोचलो तर — पाय नाही, पाय उचलतच नाही. ही वही जिन्यातून खाली टाकतो, कुणी आलं, वाचलं, तर आधी शटर, आधी तिला, मी नंतर —

सोड, मी म्हणतोय. सोड. बाहेर ये. घसा फाटेपर्यंत. ऐकलं तिनं. खोकतेय. रडतेय. म्हणते, नाही सोडणार, काही झालं तरी, सोडलं तर गाडी तुझ्या अं