रूथला ऐकू येईल असा बँजो

शनिवार, १० जानेवारी

बँजो मोडला. रूथच्या अंगणात, दुसऱ्याच धुनेच्या मध्यावर. मान जिथे गोल भांड्याला जोडलेली असते तिथे चीर, पाचही तारा एकदम सैल. स्वस्तातला होता. तक्रार नाही.

बिनॉयने गिटार थांबवली. "खलास." मग डोळे मिटून शांतता पाळली. तो बॅटरी संपली तरी शांतता पाळतो.

खरी बातमी नंतर, चहाच्या वेळी. रूथ म्हणाली, "नवा घ्यायची घाई करू नकोस. रमजानमध्ये आपली सुट्टी असते, त्यानंतर मी काही बसणार नाही."

का?

"फिडल अजून वाजवता येते. तुमचा ठेका ऐकू येत नाही. मी पुढे पळते आणि तुम्ही सगळे सभ्यपणे माझ्यामागे धावता. मला कळतं हं."

खरंच आहे.

रूथ सत्तरीची, शारजात लेकीकडे राहते. या धुना तिच्या गावच्या, डोंगरातल्या. सगळ्यांनी गोल बसून एकच धून फेर धरल्यासारखी पुन्हा पुन्हा वाजवायची. कुणी एकट्याने मिरवायचं नाही. मला म्हणूनच आवडतं. सूर फिडलचा, म्हणजे व्हायोलिनचाच, ठेका बँजोचा. फिडलवाल्याने पाय उचलून पुढे धरला की हा शेवटचा फेर. तिचं कानाचं यंत्र वाजवताना डबीत असतं. "त्यातून माझी फिडल म्हणजे पत्र्यावर चमचा."

ती नसेल तर आम्ही दोघं नुसती साथ. साथ कुणाला?

रविवार, ११ जाने.

ठरलं. रूथला ऐकू येईल असा बँजो. बैठक एक शनिवार सोडून असते, म्हणजे २४ जाने. आणि ७ फेब्रु. त्यानंतर रमजान. दोन संधी.

कुणाला सांगायचं नाही. विचारलंच तर जुना मोडला. खोटं नाही.

आई (जुना कायम पेटीत, तिने कधी नीट पाहिलाच नाही) : "बँजो म्हणजे तो मिरवणुकीतला, बटणांचा?"
"नाही. हा तारांचा. पुढे ताणलेला पडदा, पाठ उघडी."
"उघडी का? झाकण वेगळं विकत घ्यावं लागतं?"
ईशान मोबाइलमधून मान वर न काढता : "इट्स अ काउबॉय थिंग, आई."
काउबॉयशी काही संबंध नाही. सतरा वर्षांच्या भावाशी वाद घालत नाही.

उघडी पाठ का, ते आईला सांगितलं. मागे लाकडी झाकण लावलं की आवाज समोर फेकला जातो, टोकदार होतो. उघड्या पाठीचा सगळीकडे पसरतो, मऊ. गोल बसणाऱ्यांसाठी तोच बरा. आई म्हणाली, "मग नीट बघून घे." प्रेशर कुकर घेतानाही हेच म्हणाली होती.

रविवार, १८ जाने.

दोन उमेदवार.

पहिला दुबईतल्या दुकानातला. नवा. पडद्याखाली पितळी कडं, पडदा प्लास्टिकचा. नखाने तार मारली की घंटेसारखा वाजतो, आणि वाजत राहतो.

दुसरा दुबईतच, इंटरनॅशनल सिटीत, रॅमिलकडे. रॅमिल हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचा, फेब्रुवारीअखेर कायमचा फिलिपिन्सला परत चाललाय. खोलीत चार पलंग, तीन सुटकेसी, एक बँजो. नुसतं लाकूड, कडं नाही. पडदा बकऱ्याच्या कातड्याचा, हात लागून लागून मध्यावर तपकिरी झालेला.

ऑफिसचा ध्वनिमापक नेला होता. दोन्हीकडे अंतर तेच, नख तेच, फटका शक्य तेवढा तोच. दुकानातला सहा डेसिबलने मोठा. विषय संपला.

रॅमिलला म्हटलं, इथल्या दमट हवेत कातडं सैल पडतं.
"मी पण पडतो, मॅम."
मग म्हणाला, "एक कॅफेवाला मागतोय. भिंतीवर टांगायला. त्याला नाही देणार. वाजवणाऱ्याला देणार."
विचार करते म्हटलं. केला नाही.

बुधवार, २१ जाने.

दुकानातला घरी आला. ओरखडा नसेल तर दोन आठवड्यांत परत घेतील. लेखी घेतलंय.

आई : "बाराशे दिऱ्हम? म्हणजे एकोणतीस हजार! आणि आत काहीच नाही?" उघड्या पाठीतून तिने चक्क हात घालून पाहिला.

जेवण होईपर्यंत वाजवला. खाली येणारं नख, मागून आखूड तारेवर अंगठा. हे जमलं की हात आपला राहत नाही, आपोआप चालतो. असं काही मी कुणाला बोलून दाखवत नाही. इथे चालेल.

शनिवार, २४ जाने.

नाही.

रूथ म्हणाली, "काय चमकतो गं!" पहिला फेर ठीक. दुसऱ्यात ती अर्धी मात्रा पुढे. मी जोरात मारलं. तिसऱ्यात पूर्ण मात्रा. आणखी जोरात. बिनॉय गिटारवरून ओरडला, "मानसी, हबीबती, माझ्या कानाचा इन्शुरन्स नाही!"

तिथेच रूथने पाय उचलला. इतक्या लवकर कधीच उचलत नाही. फिडल मांडीवर ठेवली, हसली. "तुम्ही वाजवा. मी चहाचं बघते."

मदतीला मागोमाग गेले. मायक्रोवेव्ह संपल्याचं टी-टी-टी वाजलं. ती त्याला पाठ टेकून उभी होती. विचारते, "झालं का गं?" मग बाहेर गाडीचं दार लागलं, धप्प. तिने लगेच मान वळवली. "लेक आली माझी."

मायक्रोवेव्ह नाही. गाडीचं दार हो. का लिहून ठेवतेय माहीत नाही.

घरी येताना बँजो मागच्या सीटवर. बेल्ट लावला होता. बोलले नाही त्याच्याशी.

सोमवार, २६ जाने.

आईला विचारलं, माझ्या वाजवण्याचा त्रास होतो का?

पोळी लाटता लाटता : "छे! दार लावलं की तू घरात आहेस की नाहीस तेही कळत नाही. त्या वरच्या मजल्यावरच्याचं मात्र रोज ऐकते. गाणं कुठलं ते देव जाणे. नुसतं धम धम धम."

लाटणं, पोळी, लाटणं. मी तशीच उभी.

भिंतीतून बारीक आवाज जात नाहीत. खोल जातात. रूथच्या कानात भिंत आहे.

खोलीत जाऊन ध्वनिमापक बॅगेतून काढला. बटण A वर. अर्थात. कायम A वरच असतं. हमरियात कारखान्यांतून दिवसभर हेच मोजते, कामगारांच्या कानाला गोंगाटाचा धोका किती. A खोल आवाज जवळजवळ गाळून टाकतो, बारीक ठेवतो. रूथचा कान नेमका उलटा. बारीक गाळतो, खोल ठेवतो. म्हणजे मी दोन बँजो तिच्यासाठी मोजले आणि तिला जे ऐकूच येत नाही तेवढंच मोजलं.

याच बटणावरून गेल्या महिन्यात ज्युनिअरचा रिपोर्ट परत पाठवला होता. शेरा : "कृपया सेटिंग तपासा."

एकटीच मोठ्याने हसले. आई लाटण्यासकट बघायला आली.

रॅमिलला मेसेज. विकला का?
"कॅफेवाला उद्या येणार होता. आता मी त्याला आजारी आहे सांगतो."

शुक्रवार, ३० जाने.

ऑफिस अर्धा दिवस. तिथून थेट इंटरनॅशनल सिटी, दुकानातला बँजो बरोबर घेऊन.

मीटर C वर, हा खोल आवाज गाळत नाही. रॅमिलचा बँजो पुढे. थोडासाच. पण आकड्यांवर एकदा फसलेय. रॅमिलला म्हटलं, बाथरूममध्ये जा, दार लाव आणि दोन्ही वाजव. कुठला कधी ते सांगू नकोस.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग गेला.

बाहेर त्याचे दोन रूममेट आणि मी, दाराकडे तोंड करून. आधी लांबून कुणी चमचे विसळतंय असं काहीतरी. मग ठक्-धुम्, ठक्-धुम्. स्पष्ट. एक रूममेट, दिवसभर डिलिव्हरीची बाइक चालवून आलेला, उशीवर बोटं आपटायला लागला. त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

रॅमिल घामाघूम बाहेर आला. "वीस वर्षं हॉटेलांत वाजवलं, मॅम. बाथरूममध्ये पहिल्यांदा."

दुसरा वाजला तो त्याचाच. घेतला. देताना त्याने कातड्यावर तळहात ठेवला, जरा वेळ. मी तोवर दुसऱ्या बँजोची पेटी बंद करत बसले. बंदच होती.

शनिवार, ३१ जाने.

दुकानातला परत केला. ओरखडा नाही. कारण विचारलं. "फार चांगला आहे," म्हटलं. सेल्समनने तेच फॉर्मवर लिहिलं.

मंगळवार, ३ फेब्रु.

कातड्याचं तंत्र समजून घेतेय. एसीत तडतडीत, पापडासारखं. बाल्कनीचं दार उघडलं की पंधरा मिनिटांत मऊ, मग तारा उतरतात. कडेच्या हुकांचे नट किल्लीने आवळायचे, सगळे सारखे, थोडे थोडे.

आई : "उन्हात ठेव की."
"पापड नाही तो."
"मग परवापासून पापडासारखी काय बघतेयस?"

वाजवला. आई दाराशी येऊन उभी. "हा कळतो. खलबत्त्यात वेलची कुटल्यासारखा. चालू दे." स्वयंपाकघरात गेली. फोडणीचा डाव कढईवर ठेक्यात पडला. एकदाच. चुकूनही असेल.

ईशान : "ओके, दॅट वन इज ॲक्चुअली गुड." तारीख नोंदवून ठेवावी असं वाक्य.

शनिवार, ७ फेब्रु.

दुपारपासून धुकं. खालिद लगून खिडकीतून दिसेना. आज हवा कोरडी हवी होती.

गाडीत एसी पूर्ण. रूथकडे पोचेपर्यंत कातडं छान ताणलेलं. अंगणात खुर्च्या मांडून होईपर्यंत गेलं. नट आवळले, पुन्हा उतरलं. तारा कशाबशा सुरात आणल्या, पण आवाज अगदी बसका, पातेल्यावर बोट मारल्यासारखा. आपण आत बसू या का, असं म्हणणार होते. रूथने कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं होतं. फिडलचा बो तारांवर टेकवला होता.

बिनॉय माझ्या कानाशी : "हे काय आणलंस? डबा?"
"गप्प बस आणि वाजव."

पहिला फेर. तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या पायाकडे पाहिलं.

तिचा पाय नेहमी तिच्या मनातल्या ठेक्यावर पडतो. आजही पडत होता, जरा पुढे. दुसऱ्या फेरात एकदा अडखळला. हवेतच थांबला. मग खाली आला तो माझ्या अंगठ्याबरोबर.

मग प्रत्येक वेळी माझ्या अंगठ्याबरोबर.

तिसऱ्यात तिने डोळे उघडून बँजोकडे पाहिलं, कुणी हाक मारल्यावर पाहावं तसं. वाजवता वाजवता पायानेच खुर्ची पुढे ओढली. बिनॉयच्या लक्षात आलं. तो तोंड उघडून वाजवत राहिला, विनोदाविना. रूथ सूर खालच्या तारांवर घेऊन गेली, परत वर, मध्ये एक मुरकी घातली जी मी तिच्याकडून कधी ऐकली नव्हती, आणि बरोबर ठेक्यावर येऊन उतरली. उतरल्यावर हसली. मीसुद्धा. दात दिसले असतील.

धून संपेना. पाय उचलायची वेळ झाली, गेली. तो पाय कामात होता. माझं नख फाटलं, बोटाच्या बाजूने वाजवलं. तिची लेक दारात येऊन उभी राहिली, हातात गाडीची किल्ली, कुठेतरी जायचं होतं तिला. गेली नाही.

शेवटी पाय उचलला. सगळे एकदम थांबलो. धुक्यात कुठेतरी गाडी लॉक झाल्याचं बीप वाजलं. रूथला ते ऐकू आलं नाही.

"सैल आहे ना कातडं?" तिने विचारलं. "आमच्याकडे पावसाळी रात्री असंच व्हायचं." बँजोच्या पडद्यावर एक टिचकी मारली. मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मी नख बघत होते.

बो पुसत म्हणाली, "ईदनंतर D सुरात बसू. तारा घरूनच लावून आणा, माझा वेळ घालवू नका."

बिनॉय : "इन्शाल्ला."

ती बसणार नव्हती, याची तिला कुणी आठवण करून दिली नाही. ती स्वतः विसरली, की तिने ठरवलं, की ते चहाच्या भरात आलेलं वाक्य होतं, माहीत नाही. मी विचारलं नाही.

रविवार, ८ फेब्रु.

रॅमिलला कालचं थोडं रेकॉर्डिंग पाठवलं. उत्तर : "भिंतीवर नाही. गुड." मग रडका चेहरा, मग हसरा, मग विमान.

उन्हाळ्यात कातडं टिकेल का, माहीत नाही. खोल आवाजही रूथच्या कानातून कधीतरी जातील का, ते मोजता येईल. मोजायचं आहे का, ते ठरलेलं नाही.

सकाळी पाहिलं तर एसीने कातडं पुन्हा तडतडीत. सगळे नट पाव पाव फेरा सैल केले. मुद्दाम. टिचकी मारली. धुम्.

तारा D मध्ये लावल्या. ईदला अवकाश आहे.