'आपण' म्हणजे नक्की कोण?

मंगळवार, १४ नोव्हेंबर
दुपार

चि. विरोधी पक्षनेत्यास,

बापाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोन हाताशी असताना मुलगी बापाला कागदावर लिहिते म्हणजे मामला गंभीर आहे, एवढं आपल्याला कळतं. इकडे सगळं ठीक. हवा चांगली आहे. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं जातं. जेवण वेळेवर होतं. शेजारच्या आजींचा गुडघा सुधारला, त्यामुळे त्यांना आता जिन्यापर्यंत येऊन भांडता येतं. पूर्वी त्या पलंगावरूनच भांडायच्या.

आता तू म्हणशील, बाबा, हे कर्मणी प्रयोग बंद करा. पाणी घातलं जातं म्हणजे कोण घालतं?

सांगतो. जरा दम धर.

तू दोन प्रश्न विचारलेस. तुला पाठवलेल्या फोटोत माझ्यामागच्या दाराची कडी नवी कोरी का दिसते, हा एक. आणि नोकरी सोडून तिकडेच येऊ का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी घे: मुळीच नाही. इतकी वर्षं घासल्यावर तुला आता कुठे पुलांच्या तपासणीची सगळी तुकडी हाताखाली मिळाली. तुझ्यापेक्षा वयाने मोठे पुरुष तुझ्या सहीसाठी थांबतात. ते सगळं टाकून तू इथे माझा भात किती शिजलाय ते बघत बसणार? या घरात असला ठराव मांडलाच जाणार नाही, मग मंजूर होणं दूरच. आणि स्वेटर बघ म्हणून फोटो पाठवला, तर स्वेटर सोडून कडी बघितलीस. तडे शोधण्याचा पगार सरकार देतं ना तुला? मग बापाला फुकट कशाला तपासतेस?

(स्वेटर छान आहे. बाह्या थोड्या लांब आहेत. दुमडून घालतो.)

कडीचं सांगायला मात्र थोडं लांबून यावं लागेल.

दर मंगळवारी सकाळी मी एका बाईंकडे जातो. समुपदेशक आहेत. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची छोटी खोली आहे. सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर कागदी रुमालांचा खोका. पहिल्या दिवशी तो खोका त्यांनी माझ्याकडे सरकवला, मी तो परत त्यांच्याकडे सरकवला. वाटाघाटी सुरू होण्याआधी समोरच्याचं काही घ्यायचं नाही, ही आपली जुनी सवय.

मग त्या म्हणाल्या, "बोला काका."

आता मला 'बोला' म्हटल्यावर काय होतं ते तुला माहीत आहे. मी उठून उभा राहिलो. बसून बोलायची सवयच नाही ना! खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि माणसाच्या एकटेपणावर बोललो. कारखान्यांनी माणसाला यंत्राचा सुटा भाग कसा केला, घरं मोठी होत गेली आणि दारं बंद कशी होत गेली, आपण सगळे गर्दीत राहून एकमेकांना पारखे कसे झालो. चार पुस्तकांचे दाखले दिले. आवाज कुठे चढवायचा, कुठे खाली आणायचा, सगळं जमलं. बाहेर बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवली, खरंच. दार पातळ आहे तिथलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "समाजाचं कळलं. तुमचं काय?"

मी म्हटलं, "आपल्याला काय होणार? आपण ठणठणीत."

"आपण म्हणजे कोण? मी पण त्यात आहे का?"

"बोलायची पद्धत असते ती."

"काका, इतका वेळ बोललात. त्यात 'मी' एकदाही आला नाही. माणूस आला, समाज आला, आम्ही आला, आपण तर शंभरदा आला."

मी वाद घातला. तुला वाटलंच असेल. म्हटलं, बाई, 'मी मी' करणाऱ्यांनीच जगाचं वाटोळं केलंय. युनियनचा सेक्रेटरी म्हणून काचेच्या कारखान्याच्या गेटवर उभं राहून जन्मभर मी माणसांना 'आपण' म्हणायला शिकवलं. मालक एकेकाला आत बोलावून विचारायचा, तुझं काय? आणि 'माझं असं आहे साहेब' म्हणणारा माणूस संध्याकाळपर्यंत फुटलेला असायचा. 'आपण' म्हटलं म्हणून तर भट्टीवरच्या माणसांना हातमोजे मिळाले, काळे चष्मे मिळाले. बाईंना एकही मुद्दा खोडता येईना.

त्या म्हणाल्या, "बरं, तुम्ही जिंकलात. आता सांगा, झोप लागते का?"

लेकी, मी खाली बसलो.

तेव्हापासून हा उद्योग चालू आहे. रोज 'मी'ने सुरू होणारं एक खरं वाक्य एका जिवंत माणसाला म्हणायचं. लिहायचं नाही, म्हणायचं. तो माणूस म्हणजे आपला पैलवान. तोच, भट्टीवरचा, फुंकर मारली तर उडेल असा, म्हणूनच पैलवान. पहिली पाळी सुरू व्हायच्या जुन्या वेळेला तो फोन करतो आणि म्हणतो, "हजेरी!" मी हजर की गैरहजर ते सांगायचं, आणि का ते. सुरुवातीला मी म्हणायचो, "मी हजर आहे, कारण लोकशाहीत हजर राहणं हे कर्तव्य आहे." तो म्हणायचा, "सेक्रेटरी, हे बाद. दुसरं द्या." मग एकदा तोंडातून गेलं, "मी काल उभ्यानेच जेवलो. टेबलाशी बसवत नाही." मग म्हणाला, "हे घेतो. मीसुद्धा पडदे उघडले नाहीत काल." त्या दिवसापासून तोही हजेरी देतो. आम्ही दोघं म्हातारे सकाळी सकाळी एकमेकांना रडगाणं ऐकवतो आणि मग भाजी काय आणायची त्यावर तावातावाने भांडतो. टेबलाशी बसून जेवायला लागलो आहे. आधी खिडकी उघडतो, मग मी कुंड्यांना पाणी घालतो, मग चहा. एक गोळीही आहे, रात्री घ्यायची. झोप लागते.

हे आधी का नाही सांगितलं? कारण तू आली असतीस.

आता कडी.

पैलवानाने तोडली जुनी. खांद्याने नव्हे, त्याचा खांदा तुला माहीत आहे, पहारीने. दोन दिवस मी दार उघडलं नव्हतं. घाबरू नकोस, तुझ्या मनात आता जे आलं असेल तसलं काही मी केलं नव्हतं, करायचं ठरवलंही नव्हतं. बाईंनीही हे सरळ विचारलं आणि त्यांनाही मी हेच सांगितलं. मी फक्त उठलो नाही. फोन वाजायचा, तो ऐकू यायचा. दारावर थापा पडत होत्या, त्याही ऐकू येत होत्या. 'सेक्रेटरी, सेक्रेटरी' अशी हाक येत होती आणि मला वाटत होतं, बिचारा कुणाला तरी हाका मारतोय, तो माणूस ओ का देत नाही?

आत येऊन त्याने मला पाणी दिलं. दार उघडलं नाही म्हणून चिडला. म्हणाला, "काय होतंय ते सांगायचं नाही का कुणाला?"

मी म्हटलं, "काय सांगायचं?"

"वा! मागणी मान्य करून घ्यायची तर आधी मांडावी लागते, हे आम्हाला कुणी शिकवलं? जन्मभर आमच्या मागण्या मांडल्या, स्वतःची एक मांडता येत नाही होय?"

आणि मला रिक्षात घालून त्या दवाखान्यात घेऊन गेला.

तू याआधी फोनवर विचारलंस तेव्हा मी म्हणालो, कडी गंजली होती. गंजलेली होतीच, पण म्हणून बदलली नाही.

मला राग कशाचा येतो सांगू? कारखान्यात हाताला भाजलं की दवाखाना, रजा, भरपाई, सगळं ठरलेलं होतं. त्यासाठी आपण रस्त्यावर बसलो. पण पाळी संपल्यावर घरी जाऊन भिंतीकडे बघत बसणारी माणसं आपल्यात किती होती! त्यांना आपण काय म्हणायचो? 'डोक्यात काहीतरी घेऊन बसलाय.' जणू ते दुखणं त्याने हौसेने उचलून आणलंय. हातमोजे मागायची लाज वाटली नाही आणि हे मागायची लाज वाटावी? कुणी घातली ही लाज? मी पुढच्या महिन्यात निवृत्तांच्या मेळाव्यात हेच बोलणार आहे आणि या वेळी...

बघ. पुन्हा गेटवर चढलो. उतरतो.

खरं तर हे पत्र इथेच संपवायचं ठरवलं होतं. खाली 'काळजी नसावी' लिहून पाकीट बंद करायचं. पण आज सकाळी बाईंनी विचारलं, "तुमच्या पत्नीबद्दल तुम्ही कधी बोलतच नाही." मी म्हटलं, बोललो ना, शोकसभेत, सगळ्यांसमोर. त्या म्हणाल्या, "काय बोललात?" आणि मला ते अख्खं भाषण पाठ म्हणून दाखवता आलं. एकही शब्द अडला नाही. डोळ्यांत टिपूस नाही.

तुला ती सभा आठवत असेल. कामगारांचा तो मोठा हॉल, मागे उभी असलेली माणसं. तुझ्या आईने संपाच्या काळात किती चुली पेटत्या ठेवल्या, त्यावर मी बोललो. 'ती घराची नव्हती, ती आपल्या सगळ्यांची होती' असं म्हणालो. आणि शोकसभेत टाळ्या पडल्या. लोक येऊन हात हातात घेऊन म्हणाले, काय खंबीर माणूस! त्यानंतर रडायची सोयच राहिली नाही मला. खंबीर माणूस कुठे जाऊन रडणार? न्हाणीघरात नळ सोडून पाहिला. पाणी वाया गेलं.

ती सगळ्यांची होती हे खरंच आहे. पण रात्री कूस बदलताना 'ऐकलं का' म्हणून जिला हाक मारावी ती माझ्या एकट्याची होती. ते वाक्य माझ्या भाषणात नव्हतं.

आणि तुझी आई तुझ्या एकटीचीही होती.

माझं संपल्यावर अध्यक्ष काय म्हणाले ते मला आज सकाळी, त्या खोलीत, पहिल्यांदा नीट ऐकू आलं. 'या भाषणानंतर आता कुणी काही बोलू नये, आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू.' पहिल्या रांगेत तू उठत होतीस. आम्ही सगळे उभे राहायच्या आधीच तू अर्धी उठलेली होतीस, ओढणी सारखी करत. नंतर सगळे बसले, तशी तूही बसलीस. त्यानंतर तू मला त्याबद्दल कधी विचारलं नाहीस, आणि सगळ्या गोष्टींना विरोध करणारी तू, एवढ्याच बाबतीत गप्प राहिलीस.

बाईंच्या खोलीत मला रडू आलं. खोका या वेळी मी घेतला.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदलतो. नोकरी सोडू नकोस, त्यावर मी ठाम आहे. रजा टाक. आठ दिवसांची मिळाली तर आठ दिवसांची. माझी सेवा करायला नको. स्वयंपाक मी करीन, पैलवान भाजी आणील, तू फक्त बस. ज्या दिवशी तू उठत होतीस, त्या दिवशी तू काय बोलणार होतीस ते मला ऐकायचं आहे. आई तुला रागवायची कशी, तुझ्याशी हसायची कशावर, माझ्यामागे माझ्याबद्दल काय काय सांगायची, सगळं. मधे बोलणार नाही. उठून उभा राहणार नाही.

मला तुझी आई फार आठवते गं. मला ती एकट्याने आठवायला जमत नाही.

ये.

तुझी वाट बघणारा,
बाबा