उलटं बसवलेलं पातं

म्हैसूर रोड, बेंगळुरू
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप प्रतापराव दाजी यांना विठोजीचा वाकून नमस्कार. (वाकताना हल्ली कमरेतून आवाज येतो, तोही नमस्कारातच धरावा.) तानूअक्काला माझा नमस्कार सांगा आणि तिचा गुडघा आता जिना चढू देतो का तेवढं कळवा. तुमचं ब्लडप्रेशर, खानापूरची हवा, मागच्या दारचे नारळ, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालतो. इकडे भाग्यलक्ष्मी बरी आहे, मी बरा आहे, मशीनही बरं आहे, फक्त त्याला काम स्वल्प कमी आहे. पत्र बघून तुम्ही दचकला असाल, की फोन असताना या माणसाने टपाल का धाडलं. दाजी, फोनवर मी हवापाण्याच्या पुढे जात नाही, हे तुम्ही इतकी वर्षं ऐकत आला आहात. आणि आज जे सांगायचं आहे ते हवापाण्याच्या बरंच पलीकडचं आहे.

तर झालं असं, की लहान सॉमिलवाल्यांचा दोन दिवसांचा मेळावा महादेवपुऱ्याच्या पलीकडे एका वखारीत भरला. नुसती भाषणं नाहीत, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने ओंडका कापायचा, पात्याला धार लावायची, फळ्या रचायच्या. मला जायचं नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी, तीस वर्षं भुसा खाल्ल्यावर, कुणाकडून काय शिकायचं? पण भाग्यलक्ष्मी म्हणाली, तुम्ही हल्ली मशीन बंद असतानाही मशीनसमोर बसता आणि हसता, ते मला बघवत नाही, कुठेतरी जाऊन या. (मी हसत नाही, दाजी. भुशाचा वास घेताना माझा चेहरा तसा होतो. आप्पाजीही म्हणायचे, माझ्या या पोराला वखारीत बसवलं काय आणि देवळात बसवलं काय, डोळे अर्धेच उघडे.) शेवटी डबा घेऊन मेट्रोत बसलो. गाडी शहराच्या वरून जाते, खाली चिकपेटची गर्दी नाही, हॉर्न नाही, झाडांचे नुसते शेंडे. रेन ट्री, गुलमोहर, सिल्व्हर ओक. मी प्रत्येकाच्या बुंध्यातून किती फळ्या निघतील ते मोजत गेलो आणि मोजता मोजता शेवटच्या स्टेशनावर पोचलो, म्हणजे जिथे उतरायचं होतं त्याच्या बऱ्याच पुढे. परत आलो तोवर नावनोंदणी संपली होती आणि चहासुद्धा.

वखार चालवते दिव्यश्री नावाची एक बाई. वय पस्तिशीच्या आत, पायात गमबूट, कानाला पेन्सिल. वादळात पडलेली, रस्तारुंदीत तोडलेली झाडं उचलून आणते आणि कापते. आम्ही चाळीस जण, बहुतेकांच्या मिशा तिच्या वयाच्या. तिने पहिलाच प्रश्न विचारला, ओंडका समोर आला की तुम्ही आधी काय करता? एकाने सांगितलं, माप घेतो. मी सांगितलं, मशीन चालू करतो. ती म्हणाली, आधी गप्प बसायचं. ओंडक्याच्या तोंडावर पाणी टाकायचं, भेगा कुठल्या दिशेला धावतात ते बघायचं, झाड कुठल्या बाजूला कललं होतं ते ओळखायचं, मग ठरवायचं. दाजी, काय सांगू, तीस वर्षं मला आळशी म्हणून जी सवय लोकांनी हिणवली ती या बाईने फळ्यावर पहिला धडा म्हणून लिहिली! मी मागे वळून बघितलं, कुणी ओळखीचं हे ऐकतंय का. आणि तिथेच मला तो हात दिसला.

आधी हात दिसला, माणूस नंतर. चहाचा ग्लास धरलेला उजवा हात, अंगठा आणि दोन बोटं. बाकीच्या दोन बोटांच्या जागी काही नाही. परसू.

तुम्हाला परसू आठवत असेल. तुमच्याच खानापूरचा, आप्पाजींनी मशीनवर ठेवलेला. पात्याचा आवाज ऐकून सांगायचा, की आत खिळा आहे. बावीस वर्षांपूर्वी आमच्या मशीनवर त्याची बोटं गेली. तीन महिन्यांनी तो गावी परतला, तुमच्या वखारीत काम मागायला आला, आणि तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवलंत, कारण आप्पाजींनी तुम्हाला लिहिलं होतं, की माणूस बेफिकीर आहे, मशीनजवळ उभा करू नका. ते पत्र आप्पाजींनी सांगितलं आणि मी माझ्या हाताने लिहिलं होतं. (माझं अक्षर वळणदार, म्हणून घरातली सगळी पत्रं माझ्याकडेच असायची.)

आता परसूची मालूरजवळ स्वतःची लहानशी मिल आहे. डोक्यावरचे केस पांढरे, पोट नाही. माझ्याकडे बघून मान हलवली, जशी रोज भेटणाऱ्या बसकंडक्टरकडे बघून हलवतात तशी. मीही हलवली. मग चिठ्ठ्या काढून चौघाचौघांचे गट पाडले, आणि चिठ्ठीला माझ्याबद्दल काय राग होता माहीत नाही, आम्ही दोघे एकाच गटात. तिसरे भीमाचार्य म्हणून एक निवृत्त संस्कृत शिक्षक, ज्यांना सासऱ्यांची मिल वारशात मिळाली आहे आणि जे प्रत्येक ओंडक्याला आधी नमस्कार करतात. चौथा गडी पहिल्याच दिवशी जेवणानंतर घरी गेला तो गेलाच.

आमच्या वाट्याला फणसाचा ओंडका आला. मारतहळ्ळीत कुणाच्या तरी कंपाउंडात उभा होता म्हणे, घर पाडून मजले चढवले आणि हा उरला. बाहेरून काळा, खरबरीत. परसूने त्यावर पाणी टाकलं, डोकं एका बाजूला करून बघितलं आणि पहिली चीर घातली. वरची साल बाजूला झाली आणि आतून जो पिवळा उजेड बाहेर आला, दाजी, त्याला मला शब्द नाही. हळद नव्हे, ऊनही नव्हे. त्यात रेषा अशा वळत गेलेल्या, जशी एखादी संथ नदी वरून बघावी. मधाचा वास सुटला. मला वाटलं, एवढी वर्षं हे झाड लोकांच्या गाड्या, कपडे वाळत घालणं, भांडणं सगळं बघत उभं होतं, आणि आत हे असं एकट्याने जपून ठेवलेलं. मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. भीमाचार्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा कळलं, की सगळा गट माझ्यासाठी थांबला आहे, पात्याची धार गेली आहे आणि नवीन पातं बसवायची पाळी माझी आहे.

पातं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, लांबच लांब पोलादी पट्टा, दोन चाकांवर फिरणारा, एका कडेला दात. हजारदा बसवलं असेल. पण हा पट्टा उलगडताना आतली बाजू बाहेर आली तर दात उलट्या दिशेला बघतात, आणि माझं लक्ष त्या पिवळ्या नदीत होतं. बसवलं, ताणलं, झाकण लावलं, ऐटीत बाजूला झालो. दिव्यश्रीने सगळ्यांना जवळ बोलावलं, म्हणाली, अनुभवी हात कसा चालतो बघा. मशीन सुरू झालं. पातं ओंडक्यावर टेकलं आणि कापायचं सोडून त्याला नुसतं कुरवाळत बसलं. मग धूर आला. मग जळक्या फणसाचा वास. चाळीस माणसं, एक बाई, आणि धुरात उभा मी. भीमाचार्य पुटपुटले, अग्नये स्वाहा.

परसू माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, दात मागं बघायलेत." त्याने स्वतः मशीन बंद केलं. मेन स्विच पाडला. मग फ्यूजही काढून खिशात ठेवला. तेवढं सगळं करूनच पात्याला हात लावला. ते बघून मी आपणहून स्विचपासून लांब जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सुरक्षिततेचा तास होता. मला वाटलं हेल्मेट, गॉगल वगैरे. पण दिव्यश्रीने सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाली, प्रत्येकाने आपला हात पुढे करायचा आणि आपल्या हातून झालेली एक चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, आपली. भीमाचार्यांनी सांगितलं, की धोतराचा सोगा पट्ट्यात गेला आणि त्या दिवशी ते मिलमध्ये आले त्यापेक्षा बऱ्याच कमी कपड्यांत घरी गेले. सगळे हसले. एकाने झाडातला नवसाचा खिळा न बघता पातं तोडल्याचं सांगितलं. हसणं एकेक माणूस पुढे सरकत माझ्याकडे येत होतं. माझ्याकडे हसण्याजोग्या चुका शंभर आहेत, दाजी, कालचीच ताजी होती, धुरासकट. तीच सांगायची असं ठरवूनच मी हात पुढे केला.

आणि तोंडातून दुसरंच निघालं. कन्नडमध्ये सुरू केलं, मध्येच मराठी आली, कुणाला किती कळलं माहीत नाही. मी सांगितलं, की त्या दिवशी परसू पात्यात अडकलेली ढलपी काढत होता. मी स्विचपाशी होतो. त्याने "हूं" म्हटल्यावर बटण दाबायचं असा आमचा नियम. वखारीच्या छपरातून उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यात भुसा तरंगत होता, सोन्यासारखा, वर जाणारा, खाली येणारा. मी बटणावर हात ठेवून तो बघत होतो. बघता बघता बटणावर टेकलो, पातं फिरलं. त्याने "हूं" म्हटलंच नव्हतं. आप्पाजी धावत आले, काय झालं विचारलं, आणि मी म्हटलं, परसूने न सांगता हात घातला. एवढंच वाक्य. त्या एका वाक्यावर मी बावीस वर्षं मालकाच्या खुर्चीत बसलो आहे.

परसूने स्वतःचा हात उलटा सुलटा करून बघितला, जणू कुणा दुसऱ्याचा आहे.

"मला म्हायती होतं," तो म्हणाला. "मी वर बघितलं तवा तुमी भुशाकडं बघत व्हतासा. मला वाटलं, अण्णा आज घाबरलेत, उद्या सांगतील. दवाखान्यात पडून रोज दाराकडं बघायचो. तीन म्हयने बघितलं."

"परसू, मी..."

"सरी, बरं. आता फळ्या रचूया. ऊन उतराय लागलंय."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही, दाजी. आम्ही उठलो आणि फणसाच्या फळ्या रचल्या. खाली एक थर, त्यावर बारीक पट्ट्या आडव्या, मग दुसरा थर, म्हणजे मधून वारा खेळेल आणि फळी वाकणार नाही. एका टोकाला तो, एका टोकाला मी. इंचभर जाड फळीला वाळायला वर्ष लागतं आणि घाई केली की ती आतून फाटते, हे दिव्यश्री लांबून कुणाला तरी सांगत होती. आमच्याकडे लाकडावर लाकूड टेकत होतं. भुसा अंगावर बसत होता. कितीतरी वर्षांनी मी काहीही न बघता नुसतं काम करत होतो. शेवटचा थर लागल्यावर त्याने हात झटकले आणि विचारलं, "आप्पाजींनी शेवटपर्यंत तेच मानलं काय?" मी हो म्हटलं. त्याने वरची एक फळी सरळ केली. मग म्हणाला, "आई अजून त्येच मानती."

तर दाजी, मेळाव्यात मी जे शिकलो ते असं: ओंडक्यावर पाणी टाकून बघावं, पातं बसवताना दात बघावेत, आणि मशीनला हात लावण्याआधी फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवावा. बाकी सर्व क्षेम. भाग्यलक्ष्मीने अक्कासाठी रागीचं पीठ बांधून ठेवलं आहे. थंडी सुरू झाली आहे, जपून असा.

तुमचा,
विठोजी

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठी लिहिलं, की परसूची आई तुमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. ऐंशीच्या पुढे आहे. तुमच्या वखारीवरून गेली की मान खाली घालून जाते, असं परसू म्हणाला. तुम्ही एकदा तिच्याकडे जाऊन खरं काय ते सांगाल का? तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे, आणि दारातून त्याला परत पाठवणारे तुम्हीच होतात. (हे शेवटचं वाक्य रागाने वाचू नका. माझ्याच पत्रामुळे पाठवलंत.)

ता. क. २. वरचा ता. क. खोडलेला समजावा. भाग्यलक्ष्मीने पत्र वाचलं आणि एवढंच विचारलं, की दाजींनी का जायचं, तुमचे पाय मोडलेत का? गुरुवारी सकाळच्या गाडीने मी स्वतः येतो आहे. तुम्ही फक्त तिच्या दारापर्यंत सोबत या आणि मागे उभे राहा, म्हणजे मला परत फिरता येणार नाही.

ता. क. ३. येतोय म्हणून आत्ताच परसूला फोन केला. आधी गाडी खानापूरला कधी पोचते ते विचारलं. मग म्हणाला, "जावा. पर आईला ऐकू येत न्हाई, अण्णा. लई मोठ्यानं सांगावं लागंल. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल." मी सरी म्हटलं. फोन ठेवल्यापासून गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या करतो आहे.