वरचे अडीच लाख

प्रिय विजू,

फोनवर मी मूळ मुद्द्यावर आले की तू डेअरी, पाऊसपाणी, कुणाचं तरी लग्न काढतोस आणि बोलणं राहून जातं. म्हणून हे पत्र. सोबत बँकेचा एक कागद आहे. त्यावर लगेच सही करू नकोस, आधी हे वाच.

फ्लॅटचं तुला अर्धवटच माहीत आहे. फुलेवाडीच्या पुढे, रिंगरोडला, दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. अकरा वर्षांत एकटीनं लेकीला, अवनीला घेऊन मी पाच घरं बदलली. करार संपत आला की घरमालक किती वाढवतोय याची वाट बघत बसायचं. शाळेतल्या पगारावर कर्ज मिळतंय म्हटल्यावर मी लगेच बुकिंग केलं. बोर्डावर लिहिलेली किंमत हीच घराची किंमत, असं धरून चालले. वीस वर्षं सातवीला गणित शिकवते आणि फसले ती बेरजेतच.

मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी. घर बाईच्या नावावर म्हणून एक टक्का सवलत मिळाली, बाई असण्याचा आजवर झालेला तेवढाच फायदा. मग पार्किंग. माझी ती जुनी स्कूटी उभी करायलाही वेगळे पैसे. विचारलं तर ऑफिसातला माणूस म्हणाला, "मॅडम, फ्लॅट तुमचाच हाय की. खालची जागा येगळी असतीया." मग विजेचं मीटर, वकिलाची फी, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ. यातल्या कशालाही कर्ज मिळत नाही. वर बँकेच्या माणसानं घराची किंमत बिल्डरपेक्षा कमी धरली, म्हणून कर्जही घटलं. कागदावर सातशे फूट आहे. मी टेप घेऊन गेले तर आत पाचशे वीस भरलं, उरलेलं म्हणे जिन्यात आणि लिफ्टमध्ये आहे. म्हणजे लिफ्टमध्येही आपली एक पाट टाकण्यापुरती जागा आहे, पाहुणे आले तर तिथे बसवू.

पीएफमधून काढले, बांगड्या मोडल्या, तरी अडीच लाख कमी पडले. येत्या पंचवीस तारखेच्या आत ते भरले नाहीत तर बुकिंग रद्द, आणि भरलेल्यातलेही लाखभर कापून घेणार.

मी तुला हे सांगणार नव्हते. अवनीनं तिच्या स्नेहलमामीला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "अक्का, अडीच लाख पाठवतो. परत द्यायची घाई न्हाय. बहिणीला मदत करायची न्हाय तर कुणाला?" तुझ्या राजवीरच्या कॉलेजची फी तोंडावर असताना तू हे म्हणालास. फोन ठेवला आणि मी रडले, खोटं कशाला सांगू. मग दोन दिवस मला नुसता राग येत राहिला आणि कशाचा ते कळेना.

ते कळलं बँकेत. पैसे भावाकडून येणार असतील तर ते उसने नाहीत असं त्याच्याकडून लिहून हवं म्हणाले आणि छापील कागद पुढं केला. 'बहिणीवरील प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने.' हे शब्द माझ्या ओळखीचे होते. आप्पांच्या माघारी स्टेशनकडची दीड एकर तू विकायला काढलीस, तेव्हा माझा हिस्सा सोडल्याचा कागद केला होता ना आपण हातकणंगल्याच्या रजिस्ट्रार ऑफिसात, त्यात होते. फक्त तिथे 'भावावरील प्रेमापोटी' होतं. माझ्यापुढे रांगेत आणखी तीन बहिणी होत्या आणि प्रत्येकीचा भाऊ साडीची पिशवी धरून उभा होता. वकिलानं वाचून दाखवू का विचारलं, तर तू म्हणालास, अक्काला काय वाचायचंय. मीही हसले. माहेर राहावं म्हणून सही केली आणि माहेर राहिलंही, दर दिवाळीला तू न्यायला येतोस. त्या पैशात तुझा वडगावचा बंगला उभा राहिला. मी तेव्हा भाड्याच्या दुसऱ्या घरात होते, तुला माहीत होतं. तू वाईट नाहीस विजू. आपल्याकडे सगळे असंच करतात, आणि बहीणही विचारत नाही. मीही नाही विचारलं.

आता विचारते. बँकेच्या कागदावर सही कर, त्यांना तेच शब्द लागतात. पण एका साध्या कागदावर तुझ्या हातानं एक ओळ लिही, की हे पैसे अक्काच्या वाट्याचे होते. स्टँप नको, साक्षीदार नको. कोर्टात त्याला काही किंमत नाही आणि मी तो कुणाला दाखवणारही नाही. दोन्ही कागद आले तर मी पैसे घेईन आणि परत करणार नाही. बँकेचा एकटाच आला तर पंचवीस तारीख जाऊ देईन, अवनीची समजूत काढेन आणि पुन्हा भाड्याचं घर बघेन. दिवाळीला तरीही येईन, तू माझा भाऊ आहेस आणि ते काही सही करून सुटत नाही. पण इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या घरात काढली. आता तुझ्या मदतीच्या घरात मला राहायचं नाही. मला माझ्या घरात राहायचं आहे.

तुझीच,
अक्का