क्रमांक एकचे चार दिवस

मी, श्रीमती भागीरथा महादेवराव उमाटे, वय सत्तर, बी.ए. (१९७६), पोस्टातून सेवानिवृत्त, राहणार सिंदी मेघे, तालुका व जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. त्यावर ज्याचा विश्वास नसेल त्याने मी आहे तोवर येऊन खात्री करून घ्यावी. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तशी हिंमत कुणी केली असती तर मला त्याचे कौतुकच वाटले असते.

घर, ठेवी, सामान यांची व्यवस्था पुढे केली आहेच. परंतु मी लिहायला बसले ती एका पानासाठी. ते पान कलम पाचमध्ये येईल. मधली कलमे गाळून कोणी तिकडे उडी मारू नये.

कलम १. सिंदी मेघे येथील राहते घर माझ्या व माझ्या दिवंगत पतीच्या कमाईतून बांधलेले असून त्यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझा एकुलता मुलगा नीलेश यास देते. तो नागपूरला असतो, नोकरी बरी आहे, सून रक्षा समंजस आहे. मला त्या दोघांविषयी तक्रार नाही. घरातील समोरची खोली मात्र कलम दोनप्रमाणे राहील.

कलम २. समोरच्या खोलीला रस्त्याकडून वेगळे दार आहे. ती खोली आमच्या अंक मंडळाला वापरासाठी द्यावी.

नीलेशचे मत वेगळे आहे, हे मला ठाऊक आहे. तिथे मोबाइल दुरुस्तीचे दुकान यावे असे त्याला वाटते. गेल्या पोळ्याला आला तेव्हा म्हणाला, "आई, आता कोन वाचते? सहा बाया अन् एक कपाट, त्याच्यासाठी अख्खी खोली?" तेव्हा मी त्याला फक्त चहा दिला. उत्तर इथे देते.

मंडळ मी १९८२ साली सुरू केले. तेव्हा मी इथून रोज सिंदी रेल्वे या गावच्या पोस्टात कामाला जात असे. लोकांची मासिके माझ्या हातांखालून जात. कागदी पट्टीत गुंडाळलेला अंक बोटांना कळायचा, पण मी एकाही अंकाची पट्टी सरकवली नाही. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ दुपारच्या जेवणाबरोबर लोकांचे अंक वाचत आणि कढीचे डाग पाडून पुन्हा गुंडाळत. त्यांना मी अद्याप क्षमा केलेली नाही. स्वतः विकत घ्यावे तर माझ्या पगारात एक मासिक बसायचे, आणि मला पाच वाचायची होती. तेव्हा गल्लीतल्या चौदा घरांना एकत्र केले. वर्गणी थोडी थोडी, अंक पाच. अंक माझ्याकडे येई आणि क्रमाने चौदा घरे फिरे. प्रत्येक घरी चार दिवस, पाचवा नाही. मुखपृष्ठाच्या आत चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्यावर क्रमांक, नाव, मिळाल्याची तारीख, दिल्याची तारीख. मागवणारीने सगळ्यांत शेवटी वाचायचे, हा नियम मी स्वतःला लावला. त्यामुळे संक्रांतीनंतर स्वस्तात घेतलेले दिवाळी अंक माझ्या हाती होळीला येत.

आता घरे सहा उरली. दोन मासिके बंद पडली, एक पाक्षिक फक्त फोनवर निघते, टपालाने येणारा अंक कधी येतो कधी येत नाही. तरी मंडळ चालू आहे. जोवर तीन घरे वर्गणी देतात तोवर खोली मंडळाची. दोन उरली की खोली नीलेशची, मग त्याने तिथे दुकान टाकावे, माझी हरकत नाही. तिसरे घर टिकवण्याची जबाबदारी मी व्यवस्थापक या नात्याने जागृतीवर सोपवते. जागृती ही आमच्या मंडळाच्या जुन्या सभासद कमलाबाई यांची सून.

कलम ३. पोस्टातील माझ्या ठेवींवर वारस म्हणून नीलेशचे नाव आहे, तेच कायम. त्यातून दरवर्षी एका मासिकाची वर्गणी त्याने मंडळात भरावी. कोणते मासिक ते त्याने निवडावे. निवडण्यासाठी त्याला आधी दोन-चार वाचावी लागतील, हा माझा हेतू आहे आणि तो मी लपवत नाही.

तळेगाव श्यामजी पंत येथील वडील अण्णाजी यांच्या शेतातील हिस्सा मी पूर्वीच धाकटा भाऊ पुंडलिक याला सोडून दिला आहे. त्याबद्दल खेद नाही. लग्नात मागे ठेवलेल्या माझ्या अंकांच्या पेटीतली पाने त्याच्या घरी फडताळात अंथरली गेली, याबद्दल आहे. त्याला या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही.

कलम ४. थोडक्यात भागवून भरपूर कसे वाचावे याची मला त्रेचाळीस वर्षांची माहिती आहे. तीही माझी मालमत्ताच आहे, म्हणून तिची वाटणी करते.

नवा अंक एकच घ्यावा, बाकी जुने चालतात. मासिकातली गोष्ट भाजीसारखी सुकत नाही. दिवाळी अंक दिवाळीत घेऊ नयेत. संक्रांतीनंतर तेच अंक अर्ध्या किमतीला मिळतात. अश्विन साहू याच्या रद्दीच्या दुकानात महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळीच जावे. तो आपल्यासाठी मासिके बाजूला काढून ठेवतो आणि वजनावर देतो. घासाघीस करावी, पण त्याच्या तराजूवर संशय घेऊ नये. मी एकदा घेतला होता. घरून वजन नेऊन तपासला आणि तोंडघशी पडले. सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व सोडू नये. तिथे बसून वाचायला काही पडत नाही, पंखाही त्यांचाच.

फोनविषयी. फोनवर वाचणे म्हणजे धावत्या बसमधून दुसऱ्याचे शेत पाहणे, असे मी मंडळाच्या बैठकीत म्हटले होते व ते इतिवृत्तात आहे. ते मी मागे घेते. कमलाबाई यांनी नजर गेल्यामुळे तीन वर्षांपूर्वी मंडळ सोडले. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे कैऱ्या द्यायला गेले, तर त्या खाटेवर बसून वाचत होत्या. जागृतीने त्यांच्यासमोर फोन धरला होता आणि दोन बोटांनी अक्षर बोराएवढे केले होते. एका वेळी चार शब्द मावत होते. कमलाबाई मला म्हणाल्या, "भागीरथा, थांब जरा, पोरगी विहिरीपाशी गेली आहे." मी कैऱ्या खाली ठेवल्या आणि थांबले. त्या महिन्यात त्यांनी पुन्हा वर्गणी भरली. सबब, मंडळाने एक वर्गणी फोनवरच्या अंकाचीही घ्यावी आणि दर शनिवारी समोरच्या खोलीत तो मोठ्याने वाचावा. वाचणारीने घाई करू नये.

कलम ५. आता पान.

१९८४ च्या डिसेंबरमध्ये आमच्या एका मासिकातली वर्षभर चाललेली कादंबरी संपणार होती. चौदा घरे तिच्यासाठी खोळंबली होती. अंक माझ्याकडे आला, चिठ्ठी लावून एक रात्र राहिला, आणि सकाळी मी तो न चाळता क्रमांक एकला, म्हणजे समोरच्या शकुंतलाबाई वैरागडे यांना दिला. चार दिवसांनी तो क्रमांक दोनला, कमलाबाईंकडे गेला. कमलाबाई त्याच संध्याकाळी अंक घेऊन माझ्या दारात आल्या. कादंबरीचे शेवटचे पान नव्हते. ब्लेडने नीट कापून काढले होते.

चिठ्ठीवर एकच नाव होते. शकुंतलाबाईंनी पूर्वी एकदा लोणच्याची कृती कापून घेतली होती व तसे कबूलही केले होते. मी बैठक बोलावली. त्या इतकेच म्हणाल्या, "अंक तुह्या घरून आला, भागीरथा. आधी तुह्या घरी पाह्य." मी पाहिले नाही. तेरा बायांसमोर त्यांचे नाव खोडले. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. मी क्रमांक एक कुणालाच दिला नाही. तेव्हापासून आमच्या चिठ्ठ्या दोनपासून सुरू होतात, म्हणजे प्रत्येक नवीन सभासद विचारी की एक कोण, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी सांगे. शिवाय चिठ्ठीवर एक नवा रकाना वाढवला: "पाने पूर्ण आहेत / नाहीत".

शकुंतलाबाई आणि मी समोरासमोर राहतो. चाळीस वर्षे आम्ही एकाच नळावर पाणी भरले, एकमेकींच्या घरच्या लग्नांना आहेर पाठवला, आणि बोललो नाही.

या दिवाळीच्या आवराआवरीत मी विणकामाच्या सुयांचा डबा उघडला. त्यात नीलेशच्या पहिल्या स्वेटरचा नमुना होता. माझे पती कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते आणि हात लावतील ते काम नेटके करीत. मी त्यांना सांगितले होते की डिसेंबरच्या अंकातला बाळाचा स्वेटर कापून द्या. म्हणजे आदल्या वर्षीचा अंक, जो फिरून झाला होता आणि माझा होता. त्यांनी मला पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलेला नमुना तयार दिला. मी त्यावरून स्वेटर विणला. नमुने दरवर्षी सारखेच असतात, मला शंका आली नाही. आता खळ सुटून कागद पुठ्ठ्यावरून अलग झाला होता. मी तो उलटा केला. मागे कादंबरीचा शेवट होता आणि खाली 'समाप्त' असे छापलेले होते.

त्यांनी नव्या डिसेंबरचा अंक कापला होता. त्या एका रात्री, माझ्याच घरात. त्यांना यात दोष देऊ नये. ते वाचत नसत. त्यांच्या लेखी डिसेंबर एकच होता. आणि बैठकीत काय झाले ते मी त्यांना कधी नीट सांगितलेच नव्हते. बायकांची कटकट, एवढेच मी त्यांना म्हणाले होते. दोष माझा आहे. मला घरी पाहायला सांगितले होते आणि मी पाहिले नाही.

मी ते पान घेऊन भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी समोर गेले. शकुंतलाबाई तांदूळ निवडत होत्या. मी पान सुपाशेजारी ठेवले व काय झाले ते उभ्यानेच सांगितले. त्यांनी चष्मा लावला. आधी स्वेटरची बाजू पाहिली, मग दुसरी वाचली, पूर्ण, सावकाश. मग म्हणाल्या, "हे असंच संपन, हे मले तवाच माहीत होतं." मी माफी मागितली. "बस," म्हणाल्या, आणि अर्धे तांदूळ माझ्याकडे सरकवले.

सबब, मंडळाच्या इतिवृत्तातील त्या बैठकीची नोंद चूक होती असे मी येथे जाहीर करते, आणि हे कलम माझ्या पश्चात मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचावे. क्रमांक एक शकुंतलाबाईंचा आहे आणि त्यांच्या हयातीत त्यांचाच राहील.

कलम ६. दाभण, दोरा, खळीचे भांडे, मंडळाचा शिक्का व बांधलेले सर्व अंक जागृतीला. सुया व लोकर रक्षाला. स्वेटर नीलेशला. तो पुठ्ठाही त्याला, त्याच्या वडिलांचे हस्तकौशल्य म्हणून. पान मात्र त्याला नाही. ते मी अंकात परत चिकटवले आहे.

कलम ७. तेरवीला पंगत घालू नये. येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या कपाटातील एक जुना अंक द्यावा. जो अंक दारातच विसरून जाईल त्याचे नाव कोणी लिहून ठेवू नये. मी असते तर ठेवले असते.

माझे बरे चालले आहे. गुडघे सोडता तक्रार नाही. यंदाचे दिवाळी अंक माझ्या हाती होळीलाच येतील, आणि तोवर राहण्याचा माझा पूर्ण विचार आहे.

साक्षीदारांविषयी खुलासा. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. शकुंतलाबाईंना यात काही मिळत नाही. वर ज्या क्रमांकाविषयी लिहिले आहे, तो मुळात त्यांचाच होता. म्हणून मी सोमवारी हा कागद घेऊन त्यांच्याकडे गेले आणि शुक्रवारी सहीला या म्हणाले. साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते, आतले वाचायची गरज नसते, हेही सांगितले. त्या म्हणाल्या, "नंबर एकले चार दिवस असतात ना? मंग ठेवून जाय."

मी ठेवून आले. आज चौथ्या दिवशी त्यांनी कागद परत आणला. पहिल्या पानाच्या मागे त्यांनी जुन्या पद्धतीची चिठ्ठी चिकटवली आहे. ती मृत्युपत्राचा भाग समजावी आणि कोणी काढू नये.

ठिकाण: सिंदी मेघे, जि. वर्धा
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार, दोन्ही साक्षीदारांसमोर सही:
भागीरथा महादेवराव उमाटे

आमच्यासमोर सही केली, व आम्ही त्यांच्यासमोर:
१. शकुंतलाबाई नारायणराव वैरागडे, सिंदी मेघे
२. अश्विन सुरेश साहू, रद्दी व जुनी पुस्तके, वर्धा

(चिकटवलेली चिठ्ठी)
क्रमांक: १
नाव: शकुंतलाबाई वैरागडे
मिळाल्याची तारीख: ३ नोव्हेंबर
दिल्याची तारीख: ७ नोव्हेंबर
पाने: पूर्ण आहेत.