पेटीतले सात शर्ट

मी, खाली सही करणारा शिंपी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. आयुष्यभर शुद्धीवर होतो, असा मात्र माझा दावा नाही.

१. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या मुलीच्या, ठकीच्या. ती स्वमग्न आहे, बोलते मोजकंच. पण तिच्यासारखं हाताचं काज कोणी करून दाखवावं.

२. मोठी कात्री इस्त्रीवाल्याला. वीस वर्षं डोळा ठेवून आहे मेला! धार त्याने स्वतःच्या खर्चाने लावावी.

३. काज करता करता ठकी मध्येच थांबायची, एकटक बघत राहायची. "आली बाईसाहेबांना लहर!" म्हणत मी लाकडी गज टेबलावर आपटायचो. माझी धाकटी बहीण, ठकीची आत्या, म्हणाली होती, "दादा, हे तिच्या स्वमग्नतेतलं नाही रे. फिट असेल, डॉक्टरला दाखव." मी म्हणालो, "तू मोठी डॉक्टर लागून गेलीस!" आणि अकरा वर्षं तिला उंबरा चढू दिला नाही. चूक माझी होती.

४. टाके सुटलेले सात शर्ट मी पेटीत जपून ठेवले होते, ठकीला तिचा निष्काळजीपणा दाखवायला. गेल्या वर्षी ती गरम इस्त्रीवर कोसळली, हात भाजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अपस्मार आहे. स्वमग्न माणसांत तो बराच आढळतो, आणि घरच्यांना तो त्यांचा स्वभावच वाटतो. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हे पहिल्यांदाच." पुढच्या खेपेला ठकीने पेटी सोबत घेतली. शर्ट ओळीने मांडले आणि सुटलेल्या टाक्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे मी नव्हते." असं सात वेळा. मला तिथे रडू आवरलं नाही. ते शर्ट कोणी दुरुस्त करू नयेत.

५. माझ्यामागे ठकीला आत्याने सांभाळावं, ही विनंती. हुकूम करायचं तोंड मला उरलेलं नाही. तिने नकार दिल्यास कोणी तिला बोल लावू नये. मग ठकीचं काय, ते मला सुचत नाही. इस्त्रीवाला हा कागद आजच आत्याकडे नेईल.

स्थळ: दुकानामागची शिवणखोली. दिनांक: १० मार्च.
सही: शिंपी
साक्षीदार: कोपऱ्यावरचा औषधवाला; समोरच्या घरातल्या शिक्षिका

(खाली, वेगळ्या अक्षरात)
मान्य. दादा, कागद राहू दे बाजूला. आधी तिच्या गोळ्यांच्या वेळा सांग. मी निघालेच.
— आत्या