वेळापत्रक-प्रमुखबाई स्टेप डाउन करतात

३ मार्च, सकाळ
ठरलं. एकोणीस वर्षं शाळेचं वेळापत्रक केलं, आता बास. राजीनामा नव्हे, स्टेप डाउन करणार. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या इंग्रजीच्या सिस्टर सांगायच्या, नोकरी सोडतात ते रिझाइन. मोठ्या पदावरून माणूस आपण होऊन, मानानं उतरतो ते स्टेप डाउन. किती मायेनं समजावायच्या! अर्थात मला कोणी उतरू देणार नाही. रडारड होईल. मग थांबेन. वर्षभरच.

३ मार्च, दुपार
ह्यांना सांगितलं. म्हणाले, म्हणजे शिकवायचं सोडतेस? म्हटलं, छे, फक्त वेळापत्रक. तर म्हणे, अगं, ते पद आहे होय? बोलणं बंद.

५ मार्च
पत्राचा तिसरा मसुदा. हुद्दा सांगायचा तर 'स्टेप डाउन अ‍ॅज', पदावरून म्हणायचं तर 'स्टेप डाउन फ्रॉम'. एकेका वाक्यात दोन्ही बसवले. 'जड अंतःकरणाने' शेवटी.

८ मार्च
पत्र दिलं. मुख्याध्यापिकाबाई उभ्या उभ्याच वाचून म्हणाल्या, बरं झालं हो, मीच विषय काढणार होते. धक्क्यात माणूस काहीही बोलतं.

९ मार्च
स्टाफरूममध्ये कोणी रडलं नाही. चित्रकलेच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. भावना आवरायची ज्याची त्याची रीत.

१२ मार्च
वेळापत्रक आता गणिताचे नवे सर कॉम्प्युटरवर करणार म्हणे! मी दर मे महिन्यात जेवणाच्या टेबलावर कागद पसरून तासांच्या रंगीत चिठ्ठ्या सरकवायची. तीन आठवडे घरचे मांडीवर ताटं घेऊन जेवायचे. मुली लहान होत्या, चिठ्ठी उडू नये म्हणून पंखासुद्धा लावायच्या नाहीत. गुणी लेकरं.
चिठ्ठ्यांचा डबा सरांना द्यायला गेले. म्हणाले, राहू द्या बाई, आठवण म्हणून ठेवा. अडतील. येतील. संध्याकाळभर फोनपाशी बसले.

१३ मार्च
फोन बिघडलाय का पाहायला मुलीला फोन केला. लागला. ती म्हणाली, आई, तू बरी आहेस ना?

१५ मार्च, सकाळ
जूनपासूनचं नवं वेळापत्रक आत्ताच लागलं. चाळीस मिनिटांत केलं म्हणे. चूक दोनदा शोधली. सापडली नाही. मधल्या सुट्टीनंतरचा मोकळा तास आता सगळ्यांना आळीपाळीनं. एकोणीस वर्षं तो रोज माझ्याच वाट्याला यायचा, निव्वळ योगायोगानं. आणि मला काय, तर शुक्रवारचा शेवटचा तास, आठवी क! तिथे खडूसुद्धा जिवंत राहत नाही.

१५ मार्च, दुपार
सरांना म्हटलं, बाकी छान जमलंय, एवढा एक तास हलवा. ते उठले, मला खुर्ची दिली आणि अगदी नम्रपणे म्हणाले, बाई, लेखी अर्ज लागेल. नियम तुमचाच आहे.
अर्ज लिहिला. मराठीत. 'कृपया' दोनदा घातलं.